तीन तासांचं बिल

हॅलो?… हो, आकाश इलेक्ट्रिशियन… जरा जोरात बोला मॅडम, इथे ड्रिल चालू आहे… बिल? हो, हो, बरोबरच आहे ते. साधा हिशोब आहे आपला. घरी येण्याचे दोनशे, वर तासाला तीनशे, वर सामान… नाही ओ, मनाने काही लावत नाही. कधी आलो, कधी निघालो, एवढंच मोबाइलमध्ये टाकतो. बाकी फॉर्म्युला बघतो. घासाघीस नाही, कटकट नाही…

कुठलं काम म्हणालात?… वाकोला?… थांबा, गॅलरीत येतो.

हां, बोला… कमलमावशी? अगं, तू होय… नाव न बघताच उचलला गं. मॅडम काय म्हणतोय मी तुला…

नाही नाही, तुला बिल जायलाच नको होतं. आपोआप जातं ते… किती? चौदाशे?… अगं, पंख्याचा रेग्युलेटर तर तीनशेचा होता. आणि तीन तास कसले, वीस मिनिटांचं काम…

हो… हो, जेवलो ना. तू भाकऱ्या टाकल्यास… सुकट आईसारखीच झाली होती, मीच म्हणालो… आणि तिथेच आडवा झालो. तू अंगावर चादर टाकलीस.

ते सगळं लागलं गं बिलात. जेवलो ते, झोपलो ते.

काय बोलू मावशी… नाही, आमची बिलं बघणाऱ्या माधुरीचा काय दोष. फॉर्म्युला मीच बनवला. सगळ्यांना ऐटीत दाखवत फिरलो. लाज वाटते गं आता.

अगं ऐक ना… पैसे नको पाठवूस… दिशाकडे मोबाइल नको देऊस, नात तुझी लगेच पाठवून टाकेल, ऐक… पाठवले पण? सगळे?… परत करतो, आत्ताच… का नको?

आणखी पाचशे देतेस? आता कसले पाचशे?… येण्याचे दोनशे, एका तासाचे तीनशे… हो, हिशोब बरोबर आहे तुझा, पण कशाला? आणखी काय बिघडलं?…

काहीच नाही?… मग?

…नुसतं जेवायला?

…महिन्यातून एकदा परवडेल म्हणतेस…

मावशी, असं नको गं बोलूस… हो. दोन वर्षांनी आलो. ते पण पंखा बिघडला म्हणून… नाही, रागावली नाहीस, माहितीय. रागावली असतीस तर बरं झालं असतं.

रविवारी येतो… नाही, पिशवी नाही आणत, पक्कड नाही, काही नाही. नुसता येतो… सुकटच कर… मावशी?… रडतेयस का गं?… अगं, येतो म्हटलं ना…