बगळखडपावरचे तीन ठोके

ऐका गं बायांनो, आणि मधेच कुणी उठायचं नाही. जिला जायचंय तिने आत्ताच जाऊन यावं. नंतर अंगणात उतरायची छाती व्हायची नाही.

कालवांचा रस्सा ओरपता ना तुम्ही? ती कालवं खडकाला चिकटलेली असतात. अंगठ्याच्या नखाएवढी, पण शिंपल्याची धार अशी की तळवा फाटेल. ओहोटी लागली की उघड्या पडलेल्या खडकांवर, खडपावर बसायचं आणि कोयतीने एकेक फोडायचं. ह्या कामाला आपल्याकडे एकटी बाई जात नाही. दोघींनी जायचं. अंधारात एकमेकी दिसत नाहीत, म्हणून अधूनमधून खडकावर तीन ठोके द्यायचे. दुसरीने तीन परत द्यायचे. म्हणजे मी आहे, तूही आहेस.

माझी जोडीण केसर, शेजारची. वीस वर्षं बरोबर गेलो. मग एका उधाणाला बगळखडपावर तिचे ठोके आलेच नाहीत. पाण्यात गेली बिचारी. त्यानंतर माझ्याबरोबर यायला कुणी तयार होईना. घरात मी आणि चूल. बोलायला माणूस नाही! वर्षभर मांजराशी बोलले, तर तेही कंटाळून पलीकडच्या घरी राहायला गेलं. हसा, हसा.

तर अवसेनंतरच्या दुजेचा दिवस. ओहोटी दिवेलागणीनंतरची. मी निघाले एकटीच, त्याच बगळखडपावर, हट्टी होते ना. कंदील उंच खडकावर ठेवला, बसले फोडायला. आणि सवयीने, मेल्या सवयीने, तीन ठोके दिले.

ठक. ठक. ठक. समोरून आले!

पळायला हवं होतं. नाही पळाले. परत दिले. परत आले, जरा पुढून. मी सरकले. तिथे कालवं कशी, टपोरी! आणखी ठोके, आणखी पुढून. आणखी सरकले. तिथे तर कालवं फोडून, धुऊन खडकावर मांडून ठेवलेली. मी मुकाट टोपलीत भरली. माझ्या कामाला कुणी हात लावल्याला वर्ष झालं होतं गं.

मग आवाज आला. केसरचाच.

"दमलीस? बस जरा. पाणी लांब आहे अजून."

बसले. तिने विचारलं, घर गळतं का, गुडघा कसा आहे. मी सांगत सुटले. किती बोलले, किती बोलले! पाय गार पडले तेव्हा खाली बघितलं. पाणी पोटरीच्या वर. टोपली तरंगत चाललेली. मागे कंदील हरभऱ्याएवढा. आणि ठोके, बायांनो, ठोके पाण्याखालून येत होते.

मनगटावर गार हात पडला.

"जाऊ नको," ती म्हणाली. "मला इथे कुणी नाही."

काय करणार? कोयती दुसऱ्या हातात होती. ती लांबच्या खडकावर भिरकावली. ठण, ठण, ठण आपटत गेली. हात सुटला. तीन ठोके म्हणजे मीच, असं वाटून ती त्या आवाजामागे गेली, मला शोधत. मी कालवांवरून रांगत, गुडघे फाडून घेत कंदिलापाशी आले.

जीव वाचला. पण मी तिला फसवलं, हे काही जात नाही मनातून. ती अजून तिकडेच शोधते आहे.

म्हणून सांगते, बगळखडपाच्या वाटेला पाऊल टाकायचं नाही. आणि इथे अंथरुणात पडल्या पडल्या ठोके ऐकू आले, तर उलट ठोका द्यायचा नाही. तुम्हाला वाटेल, बिचारी एकटी आहे. आहेच ती एकटी. तरी द्यायचा नाही.