ओठावरच्या दोन काड्या

मंडळी, धानाची कामं सोडून तुमी आले. सभेत बोलाची मले सवय नाही. मी सरांची बायको, शालू. दिघोरीच्या शाळेत तुमच्या लेकरांले विज्ञान शिकवाचे, ते सर गेले. घराचे कवेलू फेरता फेरता छपरावरून पडले. मान मोडली. मानेखालचं सारं सुन्न.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात तुमी सारे आले. पाया पडले. सासूबाई काशाच्या वाटीनं तळपाय घासत होत्या. कोणी हात दाबत होतं. त्याईले काय कळत होतं? काहीच नाही जी! कळत होतं ते फक्त चेहऱ्यावर. अन् सासऱ्यासमोर बायको नवऱ्याच्या चेहऱ्याले हात कशी लावंल?

वर्गात ते धानाच्या तणसाच्या दोन काड्या घेऊन कातडीले कसं कळते ते शिकवाचे. पहिला प्रयोग घरी माह्यावर. पाठीले दोन काड्या टेकवाचे. "किती?" मी म्हणत होती, "एक." मंग हसाचे. "शालू, धानाच्या वावरात बांध घालून तुकडे पाडतो, तश्या कातडीतबी बांध्या असतात. एका नसेची एक बांधी. तिच्या बांधीत टोचलं तेवढंच ती डोक्याले सांगते. पाठीच्या बांध्या मोठ्या. दोन काड्या एकाच बांधीत पडल्या, तर एकच कळते. बोटाच्या, ओठाच्या बांध्या लहान लहान. तिथं दोन म्हणजे दोन."

मंग दवाखान्यात त्याईच्या घशात नळी टाकली. बोलणं गेलं. डोळे मलेच शोधत होते. मी लाज सोडली. सासऱ्यासमोर, साऱ्या गावासमोर त्याईच्या ओठावर दोन काड्या ठेवल्या. "किती?" त्याईनं डोळे दोनदा मिटले. दोन! मंडळी, दोन! मंग रोज तेच आमचं बोलणं.

एक दिवस दोन ठेवल्या, डोळे एकदाच मिटले. काड्या दूर नेल्या. एकच. अजून दूर. एकच. काहून असं झालं? ओठाच्या बांध्या मोठ्या होतात का? कोणाले इचारू? सांगणारे तेच होते.

शेवटी काड्या फेकल्या. दोन्ही हातानं त्याईचा चेहरा धरला. "आता सांगा, किती?" डोळे उघडेच राहिले.

माह्ये हात त्याईले कळले असतील का जी? मले झोप नाही, जेवण नाही, हेच इचारत फिरून राहिली. कळले नसतील, तर मले सांगू नका. श्रद्धांजलीले उभे राहा. मी खाली बसतवर कोणी काही बोलू नका.