मडमेचं कुंकू

च्याचा कप खाली ठेवा आधी, हसताना सांडंल. निजामाच्या राज्यात आखाडा बाळापूरच्या बाजारात आमच्या उस्मानचाचाचं दुकान व्हतं. त्यानं व्हती नव्हती ती पुंजी घालून विलायती साबन आनला, पर एक वडी खपंना. वरच्या कागदावर मडमेचं चित्र, अन् तिचं कपाळ उघडं! बाया म्हनायच्या, "सणासुदीला विधवेचं चित्र घरात काहून न्यावं?"

चाचा रडकुंडीला आला. मी म्हनलं, "थांबा चाचा, मडमेचं लगीनच लावून देते." घरून करंडा आनला अन् एकूणएक मडमेला कुंकू लावलं. बाजार उठायच्या आत पेटी रिकामी!

कंपनीच्या मानसानं हे पाह्यलं अन् विलायतेला कळवलं, कुंकू असलं की हिकडं माल खपून राहिला. पुढच्या साली दाढीचा साबन आला. चित्रात मिशाळ साहेब, अन् त्याच्या कपाळावर बायांसारखं ठसठशीत छापील कुंकू!

चाचा म्हने, "बेटी, अब ये कौन लेगा?"

म्हनलं, "समदे घेतील. साहेबाचा नवरा जित्ता हाय, तेवढं सांगत जा."