हिरोच्या हातावरचे केस

...आन् वरून तो डायरेक्टर मलेच म्हणते, "मॅडम, हाथ थोडा मर्द जैसा चलाइए." आता तुमीच सांगा, बटन दाबाले मर्दावानी आन् बाईवानी अशा दोन तऱ्हा राह्यतात का? दाबलं का गोळी सुटते, संपलं. पन विचारते कोण?

तुमाले सांगते, मी प्रतिभा, गुडीहत्नूरच्या सरकारी शाळेत गणित शिकवते, पन माहेर माहं इचोड्याचं, हायवेच्या कडेचं. माहे बाबा, रामाजी, देवाजीभाऊच्या ढाब्यावर तंदूर सांभाळत होते. ढाब्याच्या बाजूच्या खोलीत देवाजीभाऊनं व्हिडिओ गेमची पेटी आणून ठेवली होती... नाणं टाका, दांडी धरा, दुश्मनाचे विमानं पाडा. टरकवाले, कॉलेजचे पोट्टे, सारे तुटून पडत. दुपारी मात्र खोली रिकामी, आन् देवाजीभाऊ म्हणे, पोरी, बस जरा, मी जेवून येतो. त्याचं जेवण होईस्तोवर माहं विमान शेवटच्या पातळीवर! जिंकलं का पेटी नाव विचारे, इंग्रजी तीन अक्षरं. मी भावाचं टाकत होती, हर्षदीपचं, काऊन का पोरीचं नाव पोट्ट्याईनं पाह्यलं असतं तं माहं तिथं जाणंच बंद झालं असतं. पोट्टे हर्षदीपले खांद्यावर घेऊन नाचत, त्याले बिचाऱ्याले दांडी कोन्या हातानं धरतात तेही माहीत नाई. पन विचारते कोण?

तं यंदा काय झालं, टीव्हीवरच्या सिरीजवाले आले इचोड्यात. गोष्ट जुन्या काळची, गावातला पोट्टा गेम खेळून खेळून चॅम्पियन होते अशी. डायरेक्टरले पेटी असली पाह्यजे होती. देवाजीभाऊची पेटी कापसाच्या गोदामात पोत्याखाली पडून, तिच्यावर कोंबड्या बसत. नागपूरहून मेकॅनिक आणला, पेटी चालू केली, हिरो उभा राह्यला, केस बरोबर केले, नाणं टाकलं... आन् मेला. पुन्हा टाकलं, पुन्हा मेला. सारा दिवस तो मरूनच राह्यला. शेवटी देवाजीभाऊनं सांगितलं, रामाजीच्या पोरीले आना.

शाळेत गाडी आली हो माह्यासाठी! हेडमास्तरनं आपल्या हातानं रजा लिहून देल्ली. माह्या सासूनं, पंचफुलाबाईनं, साऱ्या वस्तीत सांगून टाकलं का सून टीव्हीत येते. मी भावाच्या लग्नातली जरीची साडी नेसली, पावडर लावली, आन् गेली. डायरेक्टरनं माह्या तोंडाकडे पाह्यलंच नाई. हात पाह्यले. म्हणे, "पतले हैं."

पडद्यावर तोंड हिरोचं, हात माहे. बांगड्या उतरवल्या. जरीच्या साडीवरून हिरोचा चौकड्याचा शर्ट घातला. मंग मेकअपवाला डिंक घेऊन बसला, आन् मनगटापासून बोटापर्यंत केस चिकटवून राह्यला, एक एक करून, जसा काही भाताची रोवणी करून राह्यला! खाज अशी सुटली का विचारू नका. बाजूले फ्रॉकातली हिरोईन उभी, तिचं काम टाळ्या वाजवाचं आन् "ये खेलते कैसे हैं?" असं विचाराचं. म्हणजे खेळणाऱ्या बाईले लपवाचं, आन् न खेळणारीले दाखवाचं. पन विचारते कोण?

नाणं टाकलं मी. आन् खरं सांगते, खाज विसरली, शर्ट विसरली, बोटं आपले आपले चालून राह्यले. लाइटवाला लाइट सोडून पाहाले आला. हिरो खुर्चीवरून उठला. शेवटचं विमान पडलं. पेटीनं नाव विचारलं. माहा हात थांबला.

देवाजीभाऊ मागून म्हणे, "टाक पोरी. आता कोनाले भ्याचं हाये?"

टाकलं मी. पी, आर, ए. जिंदगीत पहिल्यांदा.

डायरेक्टर आला, लय गोड बोलला. "मॅडम, हीरो का नाम विक्की है." मी म्हणली, खेलनेवाली तो मैं हूँ ना. तं म्हणे, "कोई बात नहीं, कंप्यूटर पे बदल देंगे."

बदललं ना! सिरीज आली त्या दिवशी घरात पाय ठेवाले जागा नाई, सासूनं साऱ्याईसाठी चहा मांडला. पडद्यावर हात आले. मी म्हणली, हे पाहा, हे माहे हात. अमरदीपनं, माह्या नवऱ्यानं, पडद्याकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं, आन् म्हणे, "किती केस वं प्रतिभा." सारे हासले. सासू मात्र शेवटचे नावं सरकस्तोवर बसून राह्यली. ड्रायव्हरचं नाव आलं, चहावाल्याचं आलं. माहं नाई. ती उठली, कप गोळा करू लागली. हासण्याचं नाई वाटलं मले, त्या कपाच्या आवाजाचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत आमचे शरदचंद्र सर आले जवळ. म्हणे, मॅडम, तुमचा सीन कापला वाटते, वाईट नका वाटून घेऊ, पन पोट्टा काय खेळला हो, वा! मंग डस्टर घेतलं हातात, म्हणे ही दांडी समजा, आन् मले शिकवू लागले. म्हणे, "तुमाले नाई समजणार मॅडम, पोराईचा खेळ हाये. सांगतो मी, नीट पाहा."

सर बटन चुकीचं दाबून राह्यले होते... आन् मी मान हलवून राह्यली होती.