दोन बोटं पांघरूण

आत्या : "हलव. कानाशी धर. आता डोळे मीट आणि सांग, आत कुणी बोलतंय का?" चाळीस वर्षं झाली, पण दादाचा तो आवाज अजून इथे बसलाय बघ, या कानात. भट्टीपुढे घसा वाळलेला, तरी हाक कशी खणखणीत. मी म्हटलं, हो, बोलतंय. तर म्हणाला, मग उघड आणि आतली काच पुन्हा निजव. बोलणारं खोकं आपल्या दाराबाहेर जायचं नाही.

सून : आत्या, मामंजींचं हे मी या घरात आल्यापासून ऐकतेय. पण आत्ता अडीच वाजलेत, चारला गाडी येणार. मी विचारतेय त्याचं सांगा ना. ही छत्तीस खोकी उघडून पुन्हा बघायची की नाही?

आत्या : इकडे ये. अशी समोर ये, उजेडात. पाठ करून बोलू नकोस माझ्याशी.

सून : लेबलं चिकटवत होते. म्हटलं, उघडायची का?

आत्या : कशाला? मी बांधलीत ना माझ्या हातानं? खाली अंथरूण, वर पांघरूण, कुशीला उशी, नीज गं काचुले नीज. एकेका खोक्याला म्हटलंय. कुणाला म्हणायचं राहिलं नाही.

सून : गेल्या महिन्यातल्यांनाही म्हटलं होतंत. त्यातली नऊ फुटली. त्याआधीच्या खेपेला चार. प्रयोगशाळेच्या खरेदीवाल्या बाईंचं पत्र पुन्हा वाचून दाखवू? "या वेळी एक जरी मापनळी फुटलेली निघाली, तर पुढची मागणी आम्ही दुसरीकडे देऊ." आपलं निम्मं काम त्यांचं आहे, आत्या. निम्मं. भट्टी तीन दिवस थंड ठेवावी लागेल आठवड्यातून.

आत्या : गाडीवाले फेकतात. त्यांना काय, काच काय नि वीट काय.

सून : फेकतात. आधीही फेकत होते. तेव्हा का नाही फुटायची?

आत्या : तेव्हा खोकं ऐसपैस होतं.

सून : बरं. म्हणजे तुम्हीही तेच म्हणताय.

आत्या : मी काय म्हटलं आता?

सून : सगळे म्हणतात तेच. कुलूपवालीनं खोकं लहान केलं आणि सासऱ्यांचं नाव फुटलं.

आत्या : कुलूपवाली हे नाव मी नाही हं ठेवलं. तो भट्टीवाला. पण तूही कमाल करतेस. कपाटाला कुलूप लावलंस, आणि रिफिल संपलेली दाखवल्याशिवाय पेन नाही म्हणजे काय? परवा सांगत होता, मला शिंक येणार असेल तर मी आधी अर्ज टाकतो, मग कुलूपवाली रुमाल काढते.

सून : हसा, हसा. कपाट सताड उघडं होतं तेव्हा महिन्याला साठ टेप लागायच्या. साठ! निम्म्या कुणाकुणाच्या पोरांच्या वह्यांना. आता बावीस लागतात आणि कुणाचं काही अडत नाही. खोक्याचंही तेच. गाडीवाले वजनाचं भाडं घेत नाहीत, जागेचं घेतात. आपण हवा पाठवत होतो, आत्या. अर्धी काच, अर्धी हवा, आणि हवेलाही तिकीट.

आत्या : हवा कसली? पांघरूण होतं ते. दोन बोटं खाली, दोन बोटं वर. दादानं माझीच बोटं धरून माप घेतलं होतं.

सून : आता एक बोट बसतं, ठाऊक आहे मला. म्हणून तर मी एकदम आठशे खोकी मागवली नाहीत. नमुन्याची तीन आणली होती, आठवतं? याच टेबलाशी. तुम्ही हलवलीत, कानाशी धरलीत, डोळे मिटलेत. मी इथे श्वास रोखून उभी, परीक्षेच्या निकालाला उभी राहावी तशी.

आत्या : आठवतं.

सून : काय म्हणालात?

आत्या : म्हटलं असेल काहीतरी.

सून : "गप्प आहेत. खुशाल मागव." या चार शब्दांवर आठशे मागवली मी. दुसरं कुणी म्हणालं असतं तर मीच जिन्यावरून टाकून बघितली असती. पण मामंजी म्हणायचे ना, भट्टी माझी नि कान बहिणीचा. मग मी कोण तपासणारी?

आत्या : पाणी दे गं जरा.

सून : घ्या. अहो, सांडतंय. दमलात का?

आत्या : सकाळपासून उभी आहे.

सून : मग बसा ना. आणि तो फोन द्या, तुमच्या पाठीमागेच आहे. केव्हाचा वाजतोय... हं, बोला. हो, बांधून झाली. नाही, वाचला नाही अजून. वाचते. नाही, सही आत्ता नाही करणार. गाडी जाऊ दे, संध्याकाळी बोलू. ठेवते.

आत्या : कोण होतं?

सून : तुमचे भाचेसाहेब. विचारत होते, करार वाचलास का.

आत्या : कसला करार?

सून : तुम्हाला सांगितलंच नाही का? सोमवारपासून बाहेरचे पॅकिंगवाले येणार. खोकी त्यांची, टेप त्यांची, माणसं त्यांची, गाडीशी बोलणंही त्यांचंच. मी फक्त किल्ल्या द्यायच्या.

आत्या : आणि तू?

सून : मी घरी. "दमतेस तू, आराम कर जरा," असं म्हणाले. इतक्या गोड आवाजात म्हणाले की भांडायलाही जागा ठेवली नाही.

आत्या : आणि हे टेबल?

सून : ते राहणार, काळजी नको. तुम्हीही राहणार. "बाकी काही बदलू दे, आत्याचा कान राहिला पाहिजे. जाताना प्रत्येक खोकं तिनं ऐकायचं," असं खास लिहून घेतलंय त्यांच्याकडून.

आत्या : लिहून घेतलंय?

सून : पान तीन. दाखवू?

आत्या : नको. तू त्याला काहीच बोलली नाहीस?

सून : काय बोलू? नवऱ्याशी भांडता येतं हो, फुटलेल्या काचेशी कसं भांडायचं? तेरा खोकी फुटली हे खरंच आहे. आत्या, तुम्हाला सांगते, मला त्या नावाचा राग नाही येत. घरात मी कुणाची तरी बायको, कुणाची तरी सून. इथे मला माझं असं एक नाव पडलं. कुलूपवाली तर कुलूपवाली. सकाळी ते कपाट उघडलं की कोऱ्या कागदाचा वास येतो. सगळं जागच्या जागी. तेवढ्यापुरतं वाटतं, जगात कुठेतरी काहीतरी माझ्या हातानं नीट लागलंय. सोमवारी तो वास दुसऱ्या कुणाला येणार.

आत्या : असं नको बोलूस गं.

सून : मग उघडूया ना. दीड तास हातात आहे. कपाटातली होती नव्हती तेवढी कागदाची कात्रणं मी काढते. ही एक खेप धड पोचू दे. निदान मी जाताना माल फोडणारी म्हणून नको जायला.

आत्या : नको उघडूस.

सून : का पण?

आत्या : टेप वाया जाईल.

सून : तुम्ही मला टेप वाचवायला सांगताय? मला?

आत्या : एकदा निजवलेली काच जागी करू नये. पुन्हा धड निजत नाही ती.

सून : आत्याबाई, हे गाण्यात ठीक आहे. इथे निम्मं काम हातचं जायची वेळ आलीय.

गाडीवाला : ताई, माल तयार आहे का?

सून : अहो, चार म्हणाला होतात! आत्ता कुठे पावणेतीन होतायत.

गाडीवाला : पुढचा रस्ता खणून ठेवलाय, लांबून वळसा पडतोय. म्हटलं तुमचा नाजूक माल आधी उचलावा, वर ठेवावा. भरायला घेऊ? हं, हे एक... अरेच्चा. ताई, यात घुंगरं भरलीत की काय?

सून : काय झालं?

गाडीवाला : हे बघा. आणि हेसुद्धा. रोज उचलतो म्हणून कळतं हो हाताला.

सून : आणा. आणा इकडे.

(खोकं कानाशी हलतं. काचेवर काच, बारीक पण स्पष्ट.)

सून : आत्या, हे बोलतंय.

गाडीवाला : बोलतंय कसलं, गप्पा मारतंय.

सून : हे पण. हे नाही. हे... हेही. सहा उचलली तर चार बोलतायत. आत्या, ही सगळी तुम्ही ऐकली होती ना?

आत्या : कानाशी धरली होती. एकूण एक.

सून : भाऊ, थोडं थांबता का? पाचपर्यंत?

गाडीवाला : पाचला गोदामाचं शटर खाली येतं, ताई. साडेचारपर्यंत थांबतो. त्यापुढे माझ्या हातात नाही.

सून : तेवढं पुष्कळ झालं.

गाडीवाला : मी ही खाली उतरवून ठेवतो परत. आत्याबाई, तुम्ही काळजी करू नका हं. इतकी वर्षं तुमची खोकी मी लेकरासारखी उचलतो, लेबल असो नसो... काय आत्याबाई? आत्याबाई? रागावल्या वाटतं. मी बाहेर आहे, ताई. हाक मारा.

सून : त्यांना उत्तर तरी द्यायचंत. तो माणूस आपल्यासाठी खोळंबलाय.

आत्या : कोण? काय म्हणाला तो?

सून : ते राहू दे. आता आपण दोघीच आहोत. खरं सांगा, आत्या. मुद्दाम केलंत?

आत्या : काय मुद्दाम?

सून : मी तुमच्या भावाच्या कपाटाला कुलूप लावलं. त्यांचं खोकं बदललं, दोन बोटांचं एक बोट केलं. तुमच्या मनात सल असेल तर मला तोंडावर चार शब्द सुनवायचे होते. मी ऐकून घेतले असते. पण खोकी बोलतायत हे कळून तुम्ही ती जाऊ दिलीत? आणि सगळे मला बोलत होते तेव्हा जेवणाच्या टेबलाशी मान खाली घालून बसलात? माझ्या समोर?

आत्या : जीभ झडेल माझी, असं कधी मनात आलं असेल तर. मुद्दाम? अगं, दादाची काच आहे ती.

सून : मग काय? मग काय, आत्या? बाहेर गाडी उभी आहे. संध्याकाळी मी सही करून किल्ल्या टेबलावर ठेवणार आहे. आणि तुम्ही नुसत्या माझ्या तोंडाकडे बघताय.

आत्या : तोंडाकडेच बघावं लागतं.

सून : म्हणजे?

आत्या : कात्री आण. आधी कात्री आण, वेळ जातोय. सगळी उघड. दोन बोटं बसत नाहीत ना, मग नळ्या काढ. बाराच्या दहा ठेव, कडेला कात्रणं ठासू. बाकीच्या मोठ्या जुन्या खोक्यांतून जाऊ देत, माळ्यावर सातआठ आहेत अजून. मी निजवते. बोटांना माप पाठ आहे, ती अजून फसवत नाहीत. पण बांधून झालं की तू हलवायचं. तू कानाशी धरायचं.

सून : मी? ते तर तुमचं काम...

आत्या : आणि त्याला बोलाव. फोनवर नको. फोनवर मला नुसतं मुंगळे चालल्यासारखं होतं. इथे येऊ दे, समोर बसू दे, या उजेडात. त्याला सांगायचंय, किल्ल्या हिच्या कमरेलाच राहतील. आणि त्या करारातलं पान तीन फाडून टाक म्हणावं.

सून : आत्या, बसा. बसा तुम्ही आधी. सावकाश सांगा.

आत्या : बसले तर नाही सांगणार. सात महिने बसूनच राहिले ना त्याच्यावर. मला वाटलं, कान गेला म्हटलं की टेबल जाईल, नि टेबल गेलं की मी कोण? एका खुर्चीतली म्हातारी. सकाळी उचलून उन्हात ठेवायची, संध्याकाळी आत घ्यायची. म्हणून गप्प राहिले. तुझ्यावर आलं तेव्हाही गप्प राहिले. तुझी ती नमुन्याची तीन खोकी मी हलवली, डोळे मिटले, आणि तू अशी आशेनं उभी होतीस...

सून : आणि?

आत्या : काहीच नाही गं. ती तीन नाही, त्यानंतरचं एकही नाही. मला ऐकू येत नाही, सूनबाई. सगळीच खोकी आता माझ्यापाशी गप्प असतात. दादाचा आवाज तेवढा येतो, म्हणून स्वतःला सांगत राहिले, कान आहे अजून.