ऐंशी घोडे आणि दोन गोटा टायर

सभापती वकीलसाहेब, आणि या जिनिंगच्या आवारात जमलेल्या मंडळींनो,

श्रद्धांजलीचं बोलायचंय. पण त्याआधी एक गंभीर तक्रार. समोरचा फोटो कैलासवासी नरहरराव देशमुखांचा आहे म्हणे. मला मोटार दिसते. मोटारीमागे फेट्याचा तुरा दिसतो. हार लोंबतोय तो बॉनेटवर आणि उदबत्ती लावलीय ती मोटारीच्या दिव्यापुढे. मंडळी, आपण सुतक कोणाचं पाळून राह्यलो? मोटार तर ठणठणीत आहे. मागच्या शेडमध्ये लोहार तिचं मडगार्ड ठोकतोय. ऐका.

उद्या सकाळी नरहररावांचे धाकटे बंधू मुकुंदराव हीच मोटार घेऊन टेंभुर्णीच्या वाटेवर, भाऊ गेला त्याच वळणावर जाणार आहेत. भावाच्या स्मारकाचा नारळ फोडायला. टायरही तेच.

म्हणून मला आज टायरांवर बोलायचं आहे. कोणाला हे सभेला शोभत नाही असं वाटत असेल, तर त्यांनी खुशाल उठावं.

नरहरराव आणि मी जुन्या जालन्यात एका गल्लीत वाढलो. मी पाठशाळेत गेलो, पुढे वर्तमानपत्राला बातम्या धाडू लागलो. ते मोटारीत गेले. शर्यतीची मोटार ती, हैदराबादहून आणलेली. मला बघितलं की हाक यायची, "काय शास्त्री, बसता का? ऐंशी घोड्यांची ताकद हाय!"

लढाई लागली आणि टायर मिळेनासे झाले. परवान्यावर कसेबसे दोन मिळाले. ते त्यांनी पुढे बसवले. मी म्हटलं, "नरहरराव, इंजिनाचा सगळा जोर मागच्या चाकांवर जातो ना? मंग नवे टायर पुढं कशाला?"

ते खो खो हसले. "शास्त्री, गाडी येताना लोक बघतात. जाताना निस्ती धूळ दिसते."

मागचे टायर गोटा झाले होते. नक्षीचा मागमूस नाही. एके जागी आतलं कापड डोकावत होतं. ऐंशी घोडे, आणि नाल एकाच्याही खुराला नाही! हेच देशमुख, बैलाच्या खुराची पत्री ढिली दिसली तर गड्याला गाडी जुंपू देत नसत. "घसरंल ना मुकं जनावर," म्हणायचे. मोटारीला हॉर्न होता. ती मुकी नव्हती, म्हणून बहुधा दया आली नसावी.

मग खंडेनवमी आली. पूजेला टायर फिके दिसतात, असं कोणाच्या तरी लक्षात आलं. करडीच्या तेलात काजळ कालवलं आणि चारही टायर चोळले. बाजूनं चोळले, आणि जमिनीला टेकतो तो भागही चोळला. वकीलसाहेब, आपण तिथेच होतात. "वा! आरसा दिसून राह्यला," असं आपण म्हणालात. आपण सभापती आहात म्हणून आठवण देतो.

हळदकुंकू झालं. मागच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. नरहररावांनी गाडी पुढे घेतली, तर चाक जागच्या जागी गरगरलं. लिंबू तसंच. गाडी तशीच. आणि तुम्ही काय केलंत? टाळ्या वाजवल्या! "काय ताकद हाय!" ताकद? मंडळी, जमिनीनं चाकाचा हात सोडला होता. पकड गेली होती. ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झालं, आणि जालन्यानं त्यावर पेढे खाल्ले.

तसेच ते निघाले, टेंभुर्णीच्या पाहुण्यांना मोटार दाखवायला. मुरमाच्या वळणावर पुढची चाकं वळली. मागची वळली नाहीत. बाकी तुम्हाला ठाऊक आहे.

पाठशाळेत आम्हाला न्यायशास्त्र शिकवलं, की कार्याला कारण लागतं. जालन्यात कारण लागत नाही, नजर पुरते. कोणी म्हणतं दृष्ट लागली. कोणी म्हणतं त्या वळणावर एक बाई उभी असते. बिचारी! आयुष्यात कधी मोटारीत बसली नसेल, आणि अपघात तिच्या नावावर. टायराचं नाव मात्र कोणी घेत नाही. का? कारण ते तुम्हीच चोळले.

काल मी मुकुंदरावांना म्हटलं, "बैलगाडीनं जा."

"शास्त्रीदादा, दादाची गाडी मी न्हाई चालवली तर लोक म्हणतील, भेला."

"आणि टायर?"

"चोळून घेतले की कालच."

लोक म्हणतील! कोण लोक, मुकुंदा? हे समोर बसलेत तेच लोक. त्यांना वळणावर चबुतरा बांधायचा आहे. त्यांच्यातला एकही उद्या तुझ्या शेजारी बसणार नाही. विचार त्यांना आत्ता. वकीलसाहेब, आपण बसता? बघ, सभापती घड्याळ बघताहेत.

इतका वेळ मी तिरकं बोललो. आता सरळ सांगतो. मला भीती वाटते. गेलेल्या मित्रासाठी रडायलाही सुचत नाही, इतकी या पोराची भीती वाटते. त्याच्या आईकडे बघा. ती फोटोकडे बघत नाही. लोहाराच्या ठोक्यांकडे तिचे कान आहेत.

नरहरराव, तुम्हाला अखेरचा नमस्कार.

मंडळी, उठा. उभे राहा. कोणी बोलू नका, खोकूही नका. मुकुंदा, तुला तेवढी मुभा आहे. "न्हाई जात," एवढं म्हण, म्हणजे आम्ही खाली बसू.