चाळीस ताटं आणि एक उपाशी लेक

रामकृष्णहरी, मंडळी! सरकून बसा, मागच्यांना जागा द्या. एक प्रश्न टाकते, उत्तराची घाई नको. माणूस मोठा झाला. लोक विचारतात, एवढा मोठा कसा झालास? तेव्हा त्यानं थोडं खोटं सांगितलं — कुणाचं चोरलं नाही, कुणाला मारलं नाही — तर पाप कुणाला लागतं?

पुढच्या काकू म्हणतात, "कुणालाच नाही!" थांबा काकू. ऐका.

इचलकरंजीत एक हौसाबाई मगदूम. नवरा लवकर गेला, बाईनं खानावळ घातली. मागावरचे चाळीस कामगार रोज पंगतीला! पण पहिलं ताट लेकीचं, मग या जेवणाऱ्या मेंबरांची. ही लेक, तेजस्विनी, शिकली, पुण्याला गेली, डिजिटल मार्केटिंगची कंपनी काढली. तुमच्या अंगठ्याखाली मोबाईलवर जाहिराती येतात ना? त्या! ए दादा, खिशात ठेव तो, आत्ता दाखवायचा नाही! पन्नास माणसं हाताखाली, मंडळी!

लोक म्हणाले, मॅडम, तुमची गोष्ट सांगा. तिनं व्हिडिओ करून खरी सांगितली — आईनं खानावळीवर शिकवलं. व्हिडिओ पाहिला किती जणांनी? चाळीस! मेंबरच असणार! पण धंदा तिला ठाऊक. गिऱ्हाइकांना तीच शिकवायची, दुःख घातल्याशिवाय गोष्ट खपत नाही. घातलं! "मी कित्येक रात्री उपाशी झोपले." दोन लाख लोकांनी पाहिलं! पुरस्कार, भाषणं, टाळ्या!

आणि आमंत्रण आलं — कुठलं? इचलकरंजीचं! गावाकडून सत्कार. पहिल्या रांगेत हौसाबाई, नवं लुगडं नेसून. मागं जुने मेंबर.

आता झाली ना तेजस्विनीची पंचाईत! सकाळपासून चहाचा घोट उतरेना. निवेदकाला गाठून म्हणाली, "दादा, परिचयातली ती उपाशीची ओळ तेवढी गाळा."

"असं कसं मॅडम? तीच तर लोकांना आवडते!"

मनाशी म्हणाली, आईला ऐकू कमी येतं, निभावेल. अहो, पण दिवाळीला कानाचं मशीन कुणी घेऊन दिलं? हिनंच! आणि तेही भारीतलं!

निवेदक उभा राहिला. जन्म... शिक्षण... कंपनी... तेजस्विनीची नखं खुर्चीत रुतली. आली ओळ! "कित्येक रात्री उपाशीपोटी झोपलेली ही लेक —"

टाळ्या पडल्या. हौसाबाई उठली.

"कवा गं?"

टाळ्या थांबल्या.

"कंच्या रातीला झोपलीस उपाशी?"

मागून दादू साळोखे ओरडला, "आरं, आम्हाला ही बाई तिसरी भाकरी खाल्ल्याबिगर उठू देत नव्हती! आन् लेक उपाशी?"

हसली सगळी. आणि हौसाबाई काय म्हणाली? वाटतं ना, लेकीला झापलं असेल? नाही हो!

"गप ए दादू! पोरगी म्हणतीया तर झालंच असंल. चाळीस ताटं वाढताना माझंच ध्यान नसंल." आणि वर बघून हात जोडले. लेकीला! "माफ कर गं बाळा. एकदा सांगायचं तरी हुतंस."

...बुवा, पेटी थांबवा जरा.

तेजस्विनीनं माइक घेतला. समोर शंभर मोबाईल तिच्याकडे रोखलेले. "खोटं आहे ते, आई. एकही रात्र नाही. मीच रचलं."

एक टाळी नाही. संयोजक खाली बघतायत. निवेदक कागद चाळतोय. आणि हौसाबाईनं लेकीचा चेहरा नीट न्याहाळला.

"आज जेवलीस का?"

"...नाही. सकाळपासून नाही."

"मग चल. पिठलं हाय."

तर काकू, पाप कुणाला लागतं? आपण खोटं सांगून मोकळे होतो. आणि ज्यानं वाढलं, तो बिचारा ते पाप स्वतःच्या पदरात घेतो!

आता घरी जाल. चारचौघांत सांगाल, मी एकट्यानं, स्वतःच्या हिमतीवर... सांगा, जरूर सांगा! फक्त आधी मनातल्या मनात पहिल्या रांगेत त्या वाढणाऱ्या माणसाला बसवा. आणि त्याचं कानाचं मशीन चालू आहे ना, ते बघा.